मॅडमचा फॉर्म मी भरला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पप्पांना नाही, आणि मी काहीच लपवत नाही असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. याआधी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा इतरांबद्दलच लिहीत गेले—इस्पितळाबद्दल, तिथल्या सरांबद्दल, भिंतीवरच्या त्या पोस्टरबद्दल—आणि इतका राग आला की पानं भराभर भरली. वाचून पाहिलं तर सगळं खरं होतं. फक्त त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून ती पानं फाडली.

या वेळीही राग आधी येईल. येऊ दे. पण शेवटी मी माझ्यापर्यंत येईन. तेवढं थांबाल ना?

आम्ही कुरुळीत राहतो. पप्पा लातूरकडून आले, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर ऑपरेटर आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी समाजकार्य शिकते. हे शिक्षण नेमकं कशाचं, ते पप्पांना अजून नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं की ते म्हणतात, "दवाखान्याच्या लाइनला हाय." त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी मला क्षेत्रकार्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या एका कॅन्सर इस्पितळात पाठवलं होतं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमचा राग तिकडे जाईल, आणि तो तिकडे गेला की मी सुटेन.

त्या वर्षी इस्पितळाने डॉक्टरांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. कॅन्सरचे डॉक्टर फार थकतात. रोज कुणाला तरी वाईट बातमी सांगायची, महिनोन्‌महिने ओळखीचं झालेलं माणूस एक दिवस नाहीसं व्हायचं, आणि लगेच पुढच्याला आत बोलवायचं. असं वर्षानुवर्षं झालं की माणूस आतून कोरडा पडतो. याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द मी तिथेच शिकले. यावर उपाय म्हणून पुण्याहून एक प्रशिक्षक दोन दिवस आले, आणि जाताना एक पितळी वाटी, एक लाकडी दांडी आणि मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण ठेवून गेले. पुढचं माझ्याकडे आलं. रोज सकाळी पावणेनऊला सभागृह उघडायचं, चटया घालायच्या, गवती चहाच्या वासाचं यंत्र लावायचं, वाटी वाजवायची, दहा मिनिटं ध्वनिमुद्रण चालवायचं, पुन्हा वाटी वाजवायची आणि हजेरी घ्यायची.

ओपीडी नऊची. लोक सातपासून बसलेले असत. चाकणचे, खेडचे, जुन्नरच्या पुढचे. दहा मिनिटं म्हणता म्हणता डॉक्टर खाली उतरेपर्यंत सव्वानऊ होत. खाली लोक चिडलेले. वर भिंतीवर पोस्टर—फुललेलं कमळ आणि खाली ‘आधी स्वतःला सांभाळा’. कशाने सांभाळायचं? केमोच्या विभागात दोन डॉक्टर होते. त्यातले एक पावसाळ्यात सोडून गेले. त्यांची जागा भरली नाही. पण पितळी वाटी आली! ज्याच्या पाठीवर दोन पोती आहेत त्याला, एक उतरवायचं सोडून, ताठ कसं चालायचं ते शिकवायचं—याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

केमोच्या वॉर्डात हिरामावशी होत्या. मोशीच्या जुन्या घरातल्या. जमिनी गेल्या, बंगला झाला, तरी मावशींनी काम सोडलं नव्हतं. कार्यक्रमाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी त्या तरातरा वर आल्या आणि वासाच्या यंत्राचं बटण बंद करून वायरच उपटली. वर सोडलेला वास एसीच्या नळीतून खाली वॉर्डात जात होता, आणि केमो चालू असलेले लोक उलट्या करत होते. "ह्यो कसला वास सोडलाय गं? आमच्या पेशंटला पाण्याचासुदीक वास सोसत न्हाई, आन तू अत्तर शिपडतीस व्हय?" मी म्हटलं, डॉक्टरांचं मन शांत व्हावं म्हणून आहे. मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी अजून विसरलेले नाही. "श्वास घ्यायला शिकवायचा आस्तोय का? त्यो हायेच की. त्यापरीस त्या बाईला दोन घास खायाला टाइम द्या."

त्या बाई म्हणजे रेवती मॅडम. केमोच्या विभागात उरलेल्या एकट्या डॉक्टर.

मॅडमबद्दल लिहिताना हात जड होतो. त्या काही फार प्रेमळ वगैरे नव्हत्या. घाईत बोलायच्या. एकदा हजेरीचा कागद पुढे केला तर म्हणाल्या, "शाळेत परत घातलंय का गं आम्हाला?" पण ध्यानाला बसायच्या ते मनापासून. बाकीचे डोळे मिटून खिशातल्या फोनची थरथर मोजत असायचे. मॅडम खरंच बसायच्या. एक दिवस बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मान एका बाजूला कलली, तोंड थोडं उघडं. ध्वनिमुद्रण संपलं. मी दांडी हातात घेतली आणि वाटी वाजवलीच नाही. दोन मिनिटं तशीच उभी राहिले. बाकीचे डॉक्टरही हलले नाहीत. कार्यक्रमाच्या सहा आठवड्यांत मी केलेलं एवढं एकच काम मला चांगलं वाटतं. पण पुढचं वाचल्यावर तुम्ही विचाराल, हे इथे लिहायचा मला काय हक्क? मीही तेच विचारते.

आता फॉर्मकडे येते. त्याआधी पप्पांचं थोडं सांगावं लागेल. पप्पांवर ढकलायला नाही. मी ते कुठून शिकले एवढंच कळावं म्हणून.

कंपनीत मशीनपाशी एक चेकशीट लटकवलेली असते. दर दोन तासांनी तयार झालेला एक पार्ट उचलायचा, गेज लावून मोजायचा आणि आकडा लिहायचा. टार्गेट इतकं असतं की मोजायला हात मोकळा होत नाही. मग शिफ्ट संपताना सगळे आकडे एकदम लिहितात. ऑडिट जवळ आलं की मागचे राहिलेले कागदही भरतात. मी दहावीत होते तेव्हा पप्पा असा एक गठ्ठा घरी घेऊन आले होते. आम्ही दोघं जमिनीवर बसून भरत होतो, आई भजी तळत होती. सणासारखं वाटत होतं मला. पप्पा शिकवत होते, "तीन पेनं घे. एकाच पेनानं लिहिलं की ऑडिटवाला धरतो." मी सगळे आकडे छान छान लिहायला लागले तर माझा हात धरला. "अगं माय, काय करायलीस? मधी एखादं रीडिंग जरा खराब टाक. म्हंजे खरं वाटतंय." मग कागद मशीनपाशी भरलेला वाटावा म्हणून अंगठ्याला तेल लावून दोन कागदांच्या कोपऱ्यावर ठसा उमटवला. मी विचारलं होतं, पप्पा, याने काही होत नाही ना? ते म्हणाले, "काय होतंय त्याला? पार्ट तर चांगलेच निघायलेत."

आमच्या पट्ट्यात हे कुणाला खोटं वाटतच नाही. कागद हा साहेबांसाठी असतो. काम वेगळं, कागद वेगळा. मी हे समजूनच मोठी झाले.

माइंडफुलनेसचा उपयोग झाला का, हे दाखवायला एक प्रश्नावली होती. एकदा सुरुवातीला भरायची, एकदा सहा आठवड्यांनी. वीस-बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे आकड्याला गोल करायचा. घरी परतल्यावर घरच्यांशी बोलण्याइतकी ताकद उरते का, रुग्णाचं बोलणं ऐकताना मन दुसरीकडे जातं का, असले प्रश्न. शेवटी एक मोकळा चौकोन: ‘आणखी काही सांगायचे असल्यास’. नाव लिहायचं नव्हतं. फक्त विभाग लिहायचा. डॉक्टरांनी फॉर्म लिफाफ्यात घालून चिकटवून द्यायचे, मी ते उघडून आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. सगळ्यांना मीच सांगत फिरले होते—नाव कुठेही येणार नाही, मोकळेपणाने लिहा. अगदी मनापासून सांगितलं होतं.

डॉक्टर चौदा. सहा आठवड्यांनंतर नऊ लिफाफे आले. पाच आलेच नाहीत. मंगळवारी ट्रस्टींची बैठक होती आणि हा सोमवार. कार्यक्रम ज्यांच्याकडे होता त्या देसले सरांना मी जाऊन सांगितलं. ते फोनवर होते. फोन बाजूला धरून म्हणाले, "पाच राहिले? बघ काहीतरी. मला चौदाचे चौदा हवेत." आणि परत फोनवर.

बघ काहीतरी. एवढंच म्हणाले. खोटं कर, असं ते म्हणाले नाहीत. हे लिहायलाच हवं, कारण फाडलेल्या पानांमध्ये मी त्यांना तसं म्हणायला लावलं होतं.

दुपारी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि पाच कोरे फॉर्म भरले. तीन पेनं होती माझ्याकडे. एक निळं, एक काळं, एक जेलचं. आकडे चांगले, मध्येच एखादा बरा नसलेला. एका फॉर्मवर चहाच्या कपाची कड टेकवून गोल उमटवला. खरं सांगू? मला तेव्हा लाज नाही, कौतुक वाटलं. आपल्या हाताचं.

मग खरे नऊ लिफाफे उघडले. एका डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत एकाच आकड्याला गोल केले होते. बाकीच्यांनी घाईत काहीतरी केलेलं. प्रत्येक प्रश्न वाचून भरलेला फॉर्म एकच होता. विभाग: केमोथेरपी. त्या विभागात डॉक्टरच एक, मग नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय. पहिल्या वेळेपेक्षा सगळे आकडे वाईट झाले होते. आणि शेवटच्या चौकोनात सात ओळी. विभागाचं नाव त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, पण या ओळी मराठीत होत्या.

सकाळचं ध्यान मला आवडतं, मी घरीही करते. पण माझा थकवा श्वासामुळे आलेला नाही. परवा एका बाईंना रिपोर्ट समजावून सांगताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांना ते दिसलं. त्याच मला म्हणाल्या, मॅडम, राहू द्या, बाहेर लोक थांबलेत. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. विभागात आणखी एक डॉक्टर द्या, तोवर रोजचे रुग्ण कमी करा. माझ्या हातून काही चूक होण्याआधी कुणीतरी हे वाचावं.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं—हेही लिहिते, कारण त्याने काही फरक पडला नाही.

मी काय विचार केला माहीत आहे? हा कागद वर गेला तर सर विचारतील, काय गं, हाच रिझल्ट आणलास? माझं प्रमाणपत्र. कॉलेजला पाठवायचा शेरा. पुढच्या वर्षी तुला इथेच समुपदेशक म्हणून घेऊ, असं सर एकदा सहज बोलले होते. ते मी घरी सांगून बसले होते, आणि पप्पांनी ते पूर्ण शिफ्टला सांगितलं होतं. हे झालं पहिल्या मिनिटात. दुसऱ्या मिनिटात मी एक चांगलं कारण शोधलं. हा फॉर्म कुणाचा ते लगेच ओळखू येईल, मॅडमना त्रास होईल, तेव्हा तो मागे ठेवणंच त्यांच्या भल्याचं. किती छान ना? चोरी करायची आणि तिला काळजी म्हणायचं. दीड वर्ष मी हेच कारण चघळत होते. आता ते तोंडातून टाकून देते.

मी मॅडमचा फॉर्म घडी करून माझ्या डायरीत ठेवला आणि त्यांच्या नावचा—नाव नसलेल्या त्यांच्या नावचा—नवा फॉर्म भरला. काळ्या पेनाने. आकडे सुधारलेले. आणि शेवटचा चौकोन रिकामा सोडला तर बरा दिसणार नाही, एखादी बारीक तक्रार हवी, म्हणजे खरं वाटतंय—म्हणून लिहिलं: ‘सत्राचा वेळ थोडा वाढवल्यास बरे होईल.’

मंगळवारी बैठक झाली. ट्रस्टी, सगळे विभागप्रमुख, मॅडमही. भिंतीवर तक्ते दाखवत होते आणि पुढचा तक्ता आणायचं बटण माझ्या हातात होतं. विभागवार तक्ता आला. केमोथेरपीची पट्टी हिरवी, सगळ्यांत उंच. देसले सर म्हणाले, "ज्या विभागावर सर्वांत जास्त ताण, तिथेच सर्वांत जास्त फायदा." टाळ्या पडल्या. मग सरांनी माझी ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, डॉक्टरांची मागणी लक्षात घेऊन सत्र दहाऐवजी पंधरा मिनिटांचं करत आहोत.

मॅडम उठल्या. म्हणाल्या, "एक मिनिट. मी असं लिहिलेलं नाही. मी विभागात आणखी डॉक्टर मागितलाय. लेखी."

मग देसले सर हसून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, किती धावपळ असते तुमची. लक्षात राहिलं नसेल. फॉर्म आहेत आमच्याकडे." दोघं-तिघं हसले. वाईट नाही हसले. लाडाने हसतात ना, तसं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. वाक्यसुद्धा नको, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. खोलीतलं दुसरं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, फक्त त्या बघत होत्या. मी बटण दाबलं. पुढचा तक्ता आला.

इथे थांबले असते तर मी भित्री ठरले असते, आणि भित्रं असणं लोक समजून घेतात. पण माझी खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

बैठकीनंतर मी लिफ्टपाशी उभी होते. मॅडम मागून आल्या. रागावलेल्या नव्हत्या. आवाज हळू होता, एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसा. "फॉर्म तूच उघडलेस ना गं? माझ्या फॉर्मच्या शेवटी काही लिहिलं होतं का मी? मराठीत?"

मी म्हटलं, "मॅडम, मी वाचत नाही काही. नुसते आकडे चढवते. पण चौकोनात ती वेळेची ओळच होती. दुसरं काही नव्हतं."

वाचत नाही, आणि एकच ओळ होती. एका दमात दोन्ही. त्या इतक्या थकल्या नसत्या, तर तिथेच पकडलं असतं त्यांनी मला. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. म्हणाल्या, "मग लिहायचं ठरवलं असेन मी मनात. आणि लिहिलंय असं वाटलं. होतं हल्ली असं." मग थोडं हसल्या. "तुझी परीक्षा कधी गं?"

मी परीक्षेची तारीख सांगितली.

कळतंय ना मी काय केलं ते? ज्या बाईला आपल्या हातून चूक होईल अशी भीती वाटत होती, तिला मी तिच्या तोंडावर पटवलं की चूक झालेलीच आहे. तिचं डोकं शाबूत होतं. त्या अख्ख्या इमारतीत तेवढं एक शाबूत होतं. आणि मी, तिचे आकडे हिरवे करणारी, तिला सांगितलं की तुझ्या डोक्यावर विश्वास ठेवू नकोस.

पुढच्या दिवसांत मॅडम बदलल्या. तळहातावर पेनाने लिहून ठेवायला लागल्या. औषधाचं प्रमाण सिस्टरला तीन-तीनदा मोजायला लावायच्या आणि मग स्वतः पुन्हा मोजायच्या. ओपीडी आणखी लांबायला लागली, बाहेर आरडाओरडा वाढला. वर पंधरा मिनिटं माझी वाटी वाजत होती. हिरामावशी मला जिन्यात म्हणाल्या, "बाईन्ला काय झालंय गं? येकच कागुद धा डाव वाचत्यात. आमी म्हनलं, बाई, बराबर हाय की समदं. तर म्हनल्या, मावशी, मला माझा भरवसा न्हाई राहिला." आणि मावशींनी मलाच विचारलं, "तू शिकल्याली हायेस, तू बोल की त्यांच्यासंगं."

मी हो म्हटलं. बोलले नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी नोकरी सोडली. अर्जात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिल्याचं कळलं. त्यांच्या हातून कुठलीही चूक झाली नव्हती. एकही नाही. हे मी मावशींना, सिस्टरना, सगळ्यांना विचारून खात्री केली—कशासाठी केली, देव जाणे. आता त्या विभागात बाहेरून एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत एक काकू राहतात. त्यांचं केमो मॅडमकडे चालू होतं. आता त्यांना दोन बस बदलून पुण्याला जावं लागतं. येताना ओकारीसाठी पिशवी हातात धरून बसतात. एकदा नळावर मला म्हणाल्या, "मोठ्या लोकांचं काय बाई, दुसरीकडं जास्त मिळालं असंल. गेल्या सोडून आमाला." मी बादली भरत होते. ती भरली, मी उचलली आणि घरी आले.

प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजात शाल आणि नारळ देऊन सत्कारही झाला. समुपदेशकाची जागा काही निघाली नाही, पण ते प्रमाणपत्र पप्पांनी फ्रेम करून देव्हाऱ्याच्या शेजारी लावलंय. पाहुणे आले की ते आधी तिकडे बोट दाखवतात. गेल्या महिन्यात कॉलेजने मला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं केलं. विषय होता, क्षेत्रकार्यात माहिती कशी गोळा करावी. मी अर्धा तास बोलले. गोपनीयता म्हणजे काय, ते फळ्यावर लिहून समजावलं. एका मुलीने विचारलं, ताई, लोक फॉर्म खरा भरतात का? मी म्हटलं, विश्वास वाटला तर भरतात. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्या संध्याकाळी मी पप्पांना विचारलं, चेकशीट अजून तशीच भरता का? ते म्हणाले, "मग? सगळेच तशी भरायलेत." आणि मग आपणहून म्हणाले, की मागे एकदा मोजला नसलेला पार्ट चुकीचा निघाला, तेव्हा लाइन थांबवून अख्खी पेटी उघडली आणि शोधून काढला. पेटी उघडता येते, पार्ट परत काढता येतो, असं ते सांगत होते.

मला राग येतो. अजून येतो. त्या वाटीचा येतो. डॉक्टर नेमायचा सोडून डॉक्टरला डोळे मिटायला सांगणाऱ्यांचा येतो. एका माणसाने तीन माणसांचं काम करावं आणि वर प्रसन्न दिसावं, असं ज्यांना वाटतं त्यांचा येतो. ‘किती धावपळ असते तुमची’ या वाक्याचा तर सगळ्यात जास्त येतो. पण त्यांच्यापैकी कुणीच त्या सात ओळी वाचलेल्या नव्हत्या. त्यांना त्या वाचायच्या नव्हत्या, हे खरं. तरी वाचलेल्या नव्हत्या. वाचणारी मी एकटीच होते. त्यांनी लोकांना माणूस म्हणून पाहिलं नाही असं मी म्हणते, आणि मी? मी पाहिलं. नीट पाहिलं, रडले, आणि घडी घातली.

मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. बदललेला नाही, कधीकधी त्यांचा फोटो बदललेला दिसतो. एका फोटोत त्या कुठल्याशा बागेत बसलेल्या आहेत. त्या सध्या कुठेही काम करत नाहीत, असं मावशी म्हणाल्या. विसरायला होतं म्हणून.

तो फॉर्म या वेळी माझ्यासमोर आहे. घडीवर कागद थोडा विरलाय. मी पुन्हा एकदा तपासून पाहिलं. त्यांनी मनातल्या मनात ठरवलं नव्हतं. निळ्या शाईने लिहिलं होतं, सात ओळी, सरळ रेषेत, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या ओळीत, कुणीतरी हे वाचावं, असं होतं.

मी वाचलं होतं.